चाकांवरची खोली: कर गाडीचा की लॉजचा?

गेल्या अंकात होमस्टेच्या कराबद्दल लिहिलं आणि टपालात कॅराव्हॅनवाल्यांची, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी भाड्याने देणाऱ्यांची, पत्रं आली. राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल्सवाल्यांनी एखादी गाडी तशी करून घेतली आहे. गाडी झाली, पासिंग झालं, बुकिंगही येऊ लागलं. कराचं मात्र जो भेटेल तो वेगळंच सांगतो. म्हणून हा सगळा अंक त्याच प्रश्नांना दिला आहे.

प्रश्न: ताई, मी चिपळूणचा. सतरा सीटची गाडी घेऊन तिची कॅराव्हॅन करून घेतली. मागे डबल बेड, पुढच्या सोफ्याचा रात्री दुसरा बेड होतो, छोटा ओटा, फ्रिज, टॉयलेट. आरसी बुकात मोटर कॅराव्हॅन अशी नोंद आहे, पिवळी पाटी आहे, परमिट आहे. ड्रायव्हर माझा, डिझेल माझं. पार्टी पुण्याहून बसते, गणपतीपुळे, तारकर्ली करून चौथ्या दिवशी परत. रात्रीला ९,००० रुपये घेतो. गेल्या वर्षी ११० रात्री गाडी गेली. इथले एक सल्लागार म्हणतात, ७,५०० च्या वर गेलात, १८ टक्के जीएसटी भरा. ट्रॅव्हल्सवाला मित्र म्हणतो, गाडी म्हणजे ५ टक्के. शिवाय डिसेंबरात एका लग्नाला गाडी चार दिवस गुहागरला एका वाडीत नुसती उभी होती, नवऱ्याचे मामा-मामी तिच्यात राहिले. त्याचं काय? भावाचं लॉज आहे, सध्या त्याच्याच बिलबुकातून पावती देतो. एक पावती सोबत पाठवली आहे.

उत्तर: आधी पावतीबद्दल बोलते, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. फोटो मोठा करून पाहिला. वर भावाच्या लॉजचं नाव. 'खोली क्र.' या छापील शब्दांपुढे शाईने '१'. मग कुणाला तरी चूक वाटली असावी, 'खोली' खोडून वर 'गाडी' लिहिलंय. खाली लाल अक्षरात 'चेक आउट सकाळी १० वाजता' तसंच आहे. आणि उजव्या कोपऱ्यात भावाचा जीएसटी क्रमांक.

हे बिलबुक आजच बंद करा. दुसऱ्याचा नोंदणी क्रमांक वापरून बिल देणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १२२ खाली दंडाचा विषय आहे. दंड १०,००० रुपये किंवा बुडालेला कर, यांतली मोठी रक्कम. दुसरं म्हणजे कागदावर हे उत्पन्न भावाचं दिसतं. उद्या त्याच्याकडे विचारणा झाली तर तो काय उत्तर देणार? सख्ख्या भावांत यावरून वितुष्ट आलेलं मी पाहिलंय, म्हणून इतकं कळकळीने सांगते.

आता हिशेब. ११० रात्री गुणिले ९,००० म्हणजे ९,९०,००० रुपये. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते. म्हणजे तुमचा दुसरा काही धंदा नसेल तर आज तुम्हाला नोंदणीच लागत नाही, आणि ५ की १८ हा वाद तूर्त तुमच्या दारात आलेलाच नाही. मात्र ही उलाढाल पॅन क्रमांकावर मोजतात. तुमच्याच नावाने किराणा दुकान असेल, गाळ्याचं भाडं येत असेल, तर तेही त्यात धरायचं. पत्नीचा धंदा तिच्या पॅनवर असेल तर तो वेगळा. नोंदणी नसताना पार्टीकडून जीएसटी म्हणून एक रुपयाही घेऊ नका. साधी स्वतःच्या नावाची पावती द्या.

पण तुम्ही दुसरी गाडी घ्यायच्या विचारात आहात असं पत्रात शेवटी लिहिलंय. तेव्हा उलाढाल २० लाखांच्या अगदी जवळ जाईल, थोड्या जास्त रात्री गेल्या तर ओलांडालही. म्हणून दराचंही सांगते.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. लहानपणी त्यांच्या पेटीतली तिकिटं मी रंगांप्रमाणे लावून ठेवायची. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. तिकिटात टप्पा असतो, लॉजच्या पावतीत रात्र असते. आजही असं एखादं प्रकरण समोर आलं की मी आधी हेच बघते, पैसे टप्प्याचे घेतलेत की रात्रीचे.

जीएसटीत निवासाची सेवा ९९६३ या शीर्षकात येते आणि चालकासह गाडी भाड्याने देणं ९९६६ मध्ये. निवासाच्या व्याख्येत हॉटेल, गेस्ट हाउसं, क्लब, कॅम्पसाइट आणि राहण्यासाठीच्या इतर व्यावसायिक जागा आहेत. जागा, हा शब्द लक्षात ठेवा. सेवा कुठल्या राज्यात झाली हे ठरवणाऱ्या आयजीएसटीच्या, म्हणजे आंतरराज्य व्यवहारांवरच्या जीएसटीच्या, कायद्यातल्या कलम १२(३) मध्ये तर हाउसबोटीचा नाव घेऊन उल्लेख आहे. केरळचं बॅकवॉटर आणि श्रीनगरचं दल सरोवर कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. चाकांवरची खोली नव्हती. कॅराव्हॅनचं नाव या दोन्ही ठिकाणी नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

अशा वेळी एकत्रित पुरवठ्याचा नियम लागतो. दोन सेवा एकमेकींत गुंतलेल्या असतील तर मुख्य कोणती ते पाहायचं आणि तिचा दर सगळ्या रकमेला लावायचा. पुण्याहून निघून तारकर्लीपर्यंत जाऊन येणारी, ड्रायव्हर आणि डिझेलसह दिलेली गाडी ही माझ्या मते आधी गाडी आहे. तिच्यात झोपता येतं ही तिची सोय. तेव्हा ९९६६, इंधन भाड्यातच धरलेलं असल्यामुळे ५ टक्के. ७,५०० ची रेघ हॉटेलच्या खोलीसाठी आहे, या प्रवासाला ती लागत नाही. फरक किती पडतो बघा: ९,००० वर ५ टक्के म्हणजे ४५० रुपये, १८ टक्के म्हणजे १,६२०. एका रात्रीमागे १,१७० रुपये.

उलट बाजूने अधिकारी काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. तो म्हणेल, तुम्ही दर रात्रीचा लावता, किलोमीटरचा नाही. हा मुद्दा पोकळ नाही. म्हणून दर दिवसाचा ठेवा, त्यात किलोमीटरची मर्यादा आणि पुढच्या किलोमीटरचा दर लिहा. बिलावर गाडीचा नंबर, कुठून कुठे, सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर, चालक व इंधनासह असा उल्लेख हवा. गाडीत लॉगबुक ठेवा, ड्रायव्हरने रोज सही करायची. एवढं करूनही मनाला स्वस्थता नसेल तर राज्याच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे प्रश्न घालता येतो. केंद्राचे ५,००० आणि राज्याचे ५,००० असं १०,००० रुपये शुल्क आहे. तो निर्णय तुमच्यापुरता आणि तुमच्या अधिकाऱ्यापुरता बांधील असतो. दोन-तीन गाड्यांचा धंदा करणार असाल तर हा खर्च मी करायला सांगेन.

एक किंमत मात्र मोजावी लागते. ५ टक्क्यांच्या वाटेने गेलात तर गाडी घेताना भरलेला जीएसटी परत वळता होत नाही, म्हणजे त्याचं क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट हवं असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांचा पर्याय आहे, पूर्वी तो १२ होता. आणि १८ भरूनही क्रेडिट नक्की मिळेल असं समजू नका. चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या गाडीचं क्रेडिट कलम १७(५) अडवतं, प्रवासी वाहतुकीसाठी वापरली तर सोडतं. तुमची गाडी घेताना सतरा सीटची होती, पण बदल केल्यावर आरसीत सीट किती राहिल्या? सहा असतील तर ती त्या अडवलेल्या गटात आली, आणि वाहतूक हाच उपयोग आहे हे पुन्हा तुम्हालाच दाखवावं लागेल. पर्यटक तर घरगुती ग्राहक असतात, त्यांना क्रेडिटचा उपयोग नाही. म्हणून तुमच्यासारख्याला मी ५ टक्केच सुचवते.

राहिलं गुहागरचं लग्न. तिथे गाडी हललीच नाही. मामा-मामींनी चार रात्रींच्या निवाऱ्याचे पैसे दिले, प्रवासाचे नाही. ते निवासच. तिथे मात्र ७,५०० ची रेघ लागू होते: रोजचा आकार ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, क्रेडिटविना. ९,००० घेतलेत तर १८ टक्के, आणि तेही वरच्या १,५०० वर नाही, पूर्ण ९,००० वर. दोन बेड म्हणजे दोन खोल्या असं दाखवायचा मोह होईल. करू नका. दार एक, चावी एक, घेणारी पार्टी एक, तेव्हा ते एकच युनिट. उभ्या गाडीसाठी वेगळं बिलबुक ठेवा.

प्रश्न: मी नाशिकची निवृत्त शिक्षिका. मुलाने आणि मी मिळून २८ लाखांत तयार कॅराव्हॅन घेतली, माझ्या नावावर, पिवळ्या पाटीची. घरभाड्यावर आयकरात सरसकट ३० टक्के वजावट मिळते. आमची गाडीही एक खोलीच आहे, सगळे तिला 'फिरतं घर' म्हणतात. मग ती वजावट आम्हाला मिळेल का? आणि आम्ही वर्षाकाठी तुळजापूर, पंढरपूरला स्वतःही तिनेच जातो.

उत्तर: बाई, तुमचा तर्क चांगला आहे, पण वजावट मिळणार नाही. घरमालमत्तेच्या उत्पन्नाला इमारत किंवा तिला लागून असलेली जमीन लागते. चाकांवरची वस्तू कितीही घरासारखी सजवली तरी इमारत होत नाही. हे उत्पन्न धंद्याचं.

आणि यात तुमचं नुकसान नाही, उलट फायदाच दिसतो. भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या बस, लॉरी आणि टॅक्सीला ३० टक्के घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट) आहे, साध्या मोटारीला १५. पिवळी पाटी, परमिट आणि बुकिंगच्या नोंदी असतील तर ३० टक्के मागा. २८ लाखांवर पहिल्या वर्षी ८,४०,००० रुपये. गाडी त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, म्हणजे नोव्हेंबरात घेतली असेल, तर निम्मा, ४,२०,०००. बेड, ओटा, टाकी हे गाडीत बसवूनच आलं असल्याने त्यांची किंमत गाडीतच धरायची.

तुळजापूर-पंढरपूरचे दिवस वगळावे लागतील. समजा ११० दिवस भाड्याने आणि १२ दिवस घरच्यांसाठी. मग १२२ पैकी १२ दिवसांचा घसारा, वरच्या उदाहरणात सुमारे ८२,६०० रुपये, तुम्ही मागायचा नाही. डिझेल, विमा, दुरुस्तीचंही तसंच. हे स्वतःहून दाखवलंत की बाकीच्या खर्चावर कुणी बोट ठेवत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

हिशेब ठेवणं जड जात असेल तर अंदाजित नफ्याची सोय आहे: रोखीच्या जमेवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरायचा. पण तेव्हा घसारा वेगळा मागता येत नाही, तो त्यात घेतला असंच धरतात. ट्रकवाल्यांची गाडीमागे ठरावीक रकमेची योजना कुणी सुचवली तर ऐकू नका, ती फक्त मालवाहू गाड्यांची आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुन्या क्रमांकांवरून शोधत बसू नका.

तुमच्या 'फिरतं घर' या शब्दावरून एक सांगते. अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला होता. तिथल्या कायद्यात घर, फ्लॅट, मोबाइल होम, बोट 'आणि तत्सम मालमत्ता' हे सगळं राहतं घर धरलं जातं. एका करदात्याने आपली मिनी मोटरहोम भाड्याने दिली आणि स्वतःही वापरली. १९८० मध्ये टॅक्स कोर्टाने ठरवलं की ती राहतं घरच आहे. आणि घर ठरल्यानेच त्याचं नुकसान झालं. स्वतःचा वापर १४ दिवस किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर गेला की तिथे खर्चाची वजावट भाड्याच्या रकमेपुरतीच मिळते, तोटा दाखवता येत नाही. तुमचे नातेवाईक तिकडे अशी गाडी भाड्याने देत असतील तर त्यांना घरच्या वापराचे दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवायला सांगा.

प्रश्न: मी सावंतवाडीचा. नोंदणी आहे. पाहुणे बहुतेक गोव्याचे आणि बेळगावचे. बिलात सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी? आणि गोव्याची तरुण मंडळी ड्रायव्हर नको म्हणतात, गाडी आम्हीच चालवतो म्हणतात. देऊ का?

उत्तर: चालकासह गाडी दिलीत तर ग्राहकाचा पत्ता बिलावर आहे तिथे सेवा झाली असं धरतात. पणजीचा पत्ता लिहिलात की आयजीएसटी, कुडाळचा असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा वेगळा. पत्ता नोंदवलाच नाही तर तुमचं ठिकाण, म्हणजे महाराष्ट्र. गाडी एका जागी उभी करून निवासासाठी दिलीत तर मात्र ती जागा जिथे आहे ते राज्य बघायचं. म्हणून बुकिंग घेतानाच आधारवरचा पत्ता लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या 'हाय, मापुसा से' वर बिल फाडू नका.

ड्रायव्हरविना देण्याबद्दल: नका देऊ. कर हे एक कारण. चालकाविना दिलेली वस्तू ९९७३ मध्ये जाते आणि तिथे भाड्याला तोच दर लागतो जो ती वस्तू विकताना लागतो. राहण्याची सोय असलेल्या मोटारी ८७०३ या शीर्षकात मोडतात, आणि त्यातल्या मोठ्या गाड्यांना, डिझेल १,५०० सीसीच्या वर किंवा लांबी चार मीटरच्या वर, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. ९,००० च्या भाड्यावर ३,६०० रुपये कर कोण देणार? त्याहून मोठं कारण परवान्याचं. स्वतः चालवायला गाड्या देण्याचा परवाना १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली मिळतो आणि त्याला किमान ५० गाड्या लागतात. एका गाडीवर तो मिळत नाही. घाटात काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

प्रश्न: वाईचा आहे. नोंदणी आहे. कॅराव्हॅनमध्ये आरसे, दिवे बसवून शूटिंगला व्हॅनिटी म्हणून देतो. निर्मिती कंपनी म्हणते, आम्ही रिव्हर्स चार्जमध्ये कर भरतो, तुम्ही जीएसटी लावू नका. बरोबर आहे का?

उत्तर: माझ्या मते नाही. रिव्हर्स चार्ज, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच कर भरणं, हे प्रवासी वाहून नेण्यासाठी बनवलेल्या गाडीच्या भाड्याला आहे, इंधनासह, आणि देणारा कंपनी नसून घेणारी कंपनी असेल तेव्हा. तुमच्या गाडीत नटनटी मेकअप करतात, ती कुणाला कुठे नेत नाही. तुमची नोंदणी आहे, तेव्हा १८ टक्के लावून बिल द्या. कंपनीला त्याचं क्रेडिट मिळू शकतं, त्यांनी कुरकुर करायचं कारण नाही. हीच गाडी घेऊन कंपनीची माणसं महाबळेश्वरला गेली तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्यांचं म्हणणं बरोबर ठरेल. दोन्ही कामं एका बिलात घालू नका.

प्रश्न: भोरजवळ शेत आहे. कॅराव्हॅनवाले रात्री उभे राहतात. मी सपाट जागा, पाणी, लाइटचं बटण आणि संडास देतो, गाडीमागे ८०० रुपये. शेतजमीन आहे म्हणून हे शेतीचं उत्पन्न धरू का?

उत्तर: नाही. जमीन शेतीची असली तरी हे पैसे पिकाचे नाहीत. धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवा. भात आणि भाजीचे पैसे वेगळे ठेवा, ते शेतीचेच राहतील. जीएसटी २० लाखांपर्यंत नाही. पुढे नोंदणी झालीच तर ही कॅम्पसाइट आहे, व्याख्येत नाव आहे, ५ टक्के. जुलै २०२२ पर्यंत १,००० च्या आतल्या निवासाला माफी होती, त्यावर आता कुणी विसंबू नये. आणि वीज घरच्या किंवा शेतीपंपाच्या मीटरवरून देताय का ते लिहिलं नाहीत. देत असाल तर पुढची गाडी यायच्या आधी व्यावसायिक मीटरसाठी अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा.